धाकट्याची खोड

३ नोव्हेंबर, सोमवार

ताई,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की बेसिनखालचा गाळाचा डबा आज सकाळी पुन्हा तुंबला. प्लास्टरचं पांढरं पाणी काठावरून ओघळून माझ्या डाव्या बुटात शिरलं, तिथे निवांत वाळलं, आणि आता त्या बुटाचा आतून उत्तम साचा तयार झाला आहे. उजवा बूट सुखरूप आहे. दोष तुझा आहे.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असं समजू नकोस. सगळे आहेत आणि नेहमीसारखेच वागतात, म्हणून तर डबा तुंबला. बेसिनच्या वरचे दोन खिळे तुला आठवत असतील. डावा तुझा, उजवा माझा, आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा. चिमटा ज्याच्या खिळ्यावर, त्या आठवड्यात डबा त्याने उपसायचा. तू मामांची नोकरी सोडून यंत्राने कवळ्या करणाऱ्यांकडे गेलीस, येणंजाणं थांबलं, मामांनी तुझं नाव घेणं टाकलं. पण चिमटा अजून एक शनिवार आड तुझ्या खिळ्यावर जातो. मामा स्वतः लावतात. त्या आठवड्यात मी डब्याला हात लावला की मागून आवाज येतो, "ठेव तो. पाळी तुझी नाही." मग कुणाची, हे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पाणी चढत राहतं. पुढच्या शनिवारी चिमटा माझ्याकडे आला की दोन आठवड्यांचा गाळ मी उपसतो. तोवर सत्तरी ओलांडलेला एक मामा आणि पन्नाशीला टेकलेला एक भाचा, दोघं ओल्या फरशीवरून पाय वर उचलून एका गैरहजर बाईची वाट बघत कवळ्या घासतात.

एवढंच सांगायचं होतं. बाकी विशेष काही नाही.

तुमच्याकडून मला नोकरीसाठी फोन आला होता.

हो, तुमच्याच त्या काचेच्या इमारतीतून. बाई इतकं गोड बोलत होत्या की मला वाटलं विमा विकतायत. मी म्हणालो, "माझा काढलेला आहे." त्या म्हणाल्या, "सर, आम्हाला तुमचा हात हवाय." माझ्या वयाच्या माणसाचा कुणी हात मागितला की तो आधी खुर्ची शोधतो. मी बसलो. मग त्यांनी पगार सांगितला, आणि बसलो होतो ते बरं झालं. इथल्या दुप्पट.

शुक्रवारी तो फोन आला तेव्हापासून मी असाच बधिर आहे. शनिवारी वाडग्यात प्लास्टर कालवलं, खिडकीबाहेर बघत बसलो, आणि भानावर आलो तेव्हा चमच्यासकट दगड झाला होता. मामांनी तो उलटा करून पाहिला, चमच्याला धरून हलवला आणि म्हणाले, "चांगला आहे. कुणाच्या डोक्यात घालायचाय?"

तुला माहीत आहे, या वयात लोक नोकरी देत नाहीत, सल्ला देतात. इथे पूर्वी सात डॉक्टर कवळ्या करायला पाठवायचे, आता तीन पाठवतात. बाकीचे तुमच्या यंत्राकडे गेले. लेकीला पुढल्या वर्षी शिकायला बाहेर ठेवायचं आहे. मामांचा हात थरथरतो, पण ते मान्य करत नाहीत. म्हणतात, टेबल हलतं.

जाताना तू दारात काय म्हणाली होतीस, आठवतंय? मामांनी आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की बिनचूक दातांची कवळी दुरूनही ओळखू येते. एका दाताला काहीतरी खोड ठेवा, मग ती माणसाची वाटते. तुझी खोड म्हणजे पुढच्या दोन दातांमध्ये जेमतेम दिसेल न दिसेल अशी फट. माझी म्हणजे त्यांच्या डावीकडचा दात, केसभर बाहेर वळलेला. तू म्हणालीस, "एक दिवस यंत्र तुझा वाकडा दातसुद्धा करेल." मी म्हणालो, "ज्या दिवशी करेल, त्या दिवसापासून तुझ्या वाटणीचा डबाही मी उपसेन." ते आपलं शेवटचं बोलणं. भांडणसुद्धा आपण धड केलं नाही.

तर मी यावं का तिकडे? उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. कँटीनचा चहा कसा असतो तेवढं कळव.

धाकटा

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई,

उत्तर आलं नाही. चहा वाईट असणार.

आज जाऊन आलो. मामांना सांगितलं, डोळे तपासायला जातोय. ते फारसं खोटं ठरलं नाही.

गेटवर तुमचा तो मिशीवाला रखवालदार आहे ना, त्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि हसला. मी तिथेच थिजलो. वरच्या ओळीत, मधल्या दोन दातांच्या डावीकडचा दात केसभर बाहेर वळलेला. गेली पंचवीसेक वर्षं मी वळवतोय तितकाच, त्याच बाजूला. पण या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नाही. आपण कधी न गेलेल्या घराच्या भिंतीवर आपला फोटो लटकलेला दिसावा, तसं झालं.

मी विचारलं, "काका, कवळी कुठली?"

"इथलीच की. स्टाफला सवलत असते."

"जरा पुन्हा हसता का?"

"साहेब," तो म्हणाला, "इंटरव्ह्यू तुमचा आहे का माझा?"

आत गेलो. प्लास्टरचा वास नाही, मेणाचा नाही, कुणाच्या बाहीला पांढरा डाग नाही. पोरं पडद्यांसमोर बसून दात फिरवत होती. मी तुला शोधत होतो, पण शोधतोय असं दिसू न देता, म्हणजे प्रत्येक खांबाचं कौतुक करत. दिसली नाहीस. वाटलं रजेवर असशील, नाहीतर मला बघून खांबामागे उभी असशील. मी तेच केलं असतं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणजे फोनवरच्याच गोड बाई. लेकीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पडद्यावर दातांची यादी उघडली. यंत्राला हवा तो नमुना निवडून द्यायचा, ते तसे दात कोरून काढतं. नमुन्यांना नावं होती. क्लासिक, यूथ, नॅचरल. आणि सगळ्यांच्या खाली, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या काकासारखं एकटंच बसलेलं: धाकटा.

"हा आमचा सगळ्यात जास्त जाणारा," मॅडम म्हणाल्या. "नाव जरा कसंतरीच आहे, पण खपतोय म्हणून बदललं नाही."

मॅडमनी तो दात मोठा केला. कपाटाएवढा. माझा दात, माझं वळण. क्षणभर मी तुला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहीत नाही. टपालखात्यात सभ्य माणसं असतात. मला वाटलं, जाताना तू माझे साचे पिशवीत घालून नेलेस.

मग नीट बघितलं. दाताच्या कडेला सुरीची जी उतरण असते, ती माझी उजवीकडून येते. ही डावीकडून आली होती. मी हा दात कोरलेलाच नव्हता. एका डावखुऱ्या बाईने, समोर काही नसताना, आठवणीतून कोरला होता. ताई, इतका अचूक तर मलासुद्धा दर वेळी जमत नाही.

मी विचारलं, "या बाई बसतात कुठे?"

"इथेच बसायच्या." मॅडमनी माझ्या खुर्चीकडे बोट केलं. "जूनपर्यंत. आता सिस्टीमला सगळं येतं. त्यांच्याकडून घ्यायचं ते घेऊन झालं होतं."

इतकं सहज म्हणाल्या, लिंबू पिळून झालं की साल टाकून देतात तसं. मी खुर्चीतून उठलो. मग वाटलं उठायचं काही कारण नाही, म्हणून बसलो. मग बसवेना.

"आता लोकांना नवीन नमुने हवेत," त्या म्हणाल्या. "सर, तुमच्याकडे अशा अजून किती खोडी आहेत?"

"बायकोला विचारा."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

करार एक वर्षाचा. पुढे काय विचारलं, तर "बघू" म्हणाल्या. निघताना मी विचारलं, माझं नाव कुणी दिलं? "त्यांनीच. जाताना म्हणाल्या, आधीच्या नोकरीत माझ्या शेजारी बसायचा, त्याला बोलवा. हात सोन्याचा आहे, जिभेकडे लक्ष देऊ नका."

ताई, जून म्हणजे पाच महिने झाले. तू करतेस काय? आणि मला त्या खुर्चीत बसायला पाठवतेस?

येताना उलट्या दिशेच्या बसमध्ये चढलो. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उठवलं.

धाकटा

८ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

कालचं पत्र अजून पेटीतच असेल, पण थांबवत नाही.

सकाळी बायकोला म्हणालो, "तुला कळलं का, ताईला जूनमध्ये काढलं." ती पोळी लाटत होती. म्हणाली, "हो, पाच तारखेला."

मी विचारलं, तुला कसं ठाऊक? तर म्हणाली, "आम्ही बोलतो की."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? बंद कधी केलं होतं?" मग लाटणं ठेवून माझ्याकडे वळली. "अहो, भांडण तुम्हा दोघांचं. त्यात मला कशाला वाटा?"

सहा वर्षं! मी घरात तुझा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचो, आणि त्या वेळात तुम्ही दोघी फोनवर गप्पा मारायच्या. आता आठवतंय, तो विषय फार वेळा निघायचा.

मग तिने बाकीचं सांगितलं. तू स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेजारपाजारच्यांच्या तुटक्या कवळ्या जोडतेस. त्या काचेच्या इमारतीतल्या लोकांनी मागितलं होतं, तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली खोड द्या. तू माझी दिलीस, स्वतःची दिली नाहीस. मी काल ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली होती, फट कुठे नव्हती. मला वाटलं, हात राखलास. बायको म्हणते, "त्यांना खरंच तुमचीच चांगली वाटते."

मी चहात बिस्किट बुडवलं आणि ते तळाला जाईपर्यंत धरून राहिलो.

"मग मला तिकडे का पाठवलं?" मी विचारलं. "आधी सांगायचं की, जाऊ नको म्हणून."

"सांगितलं असतं तर तुम्ही हट्टाने गेला असता. ताई म्हणाल्या, जाऊ दे त्याला. डोळे आहेत, बघेल."

म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि मी एकटाच आठवडाभर मोठा निर्णय घेत होतो. तर ऐक. मी जाणार आहे. एक वर्ष तर एक वर्ष, लिंबू तर लिंबू. तिकडे पिळणारा निदान पगार तरी दुप्पट देतो. मामा निम्म्यात पिळतात. लेक एका वर्षात मार्गी लागेल, पुढचं पुढे. सोमवारी होकार कळवतो.

मामांनी आज चिमटा माझ्या खिळ्यावर लावला. मी डबा उपसला. अर्धा गाळ तुझा होता.

धाकटा

१२ नोव्हेंबर, बुधवार

ताई,

सोमवारी होकार कळवला नाही. काल पण नाही. मॅडमचा फोन दोनदा आला, मी दोन्ही वेळा तो वाजताना पाहिला.

झालं असं की सोमवारी आपल्या उरलेल्या तीन डॉक्टरांपैकी डॉक्टरीणबाई आल्या, बरोबर एक जोडपं. दोघं सत्तरीच्या आसपास. दोघांनी गेल्या महिन्यात त्या यंत्राकडून कवळ्या करून घेतल्या, वेगवेगळ्या दिवशी. दोघांनी तोंडं उघडली. दोघांच्या तोंडात मी.

आजीबाई भडकलेल्या. "चाळीस वर्षांचा संसार झाला. परवा बँकेतला पोरगा विचारतो, तुम्ही भाऊ-बहीण का?"

आजोबा म्हणाले, "मला चालतंय."

"तुम्हाला काहीही चालतं! मला माझे दात हवेत. ह्यांचे नकोत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असे अजून दोघंतिघं विचारून गेलेत. दुसरं काहीतरी, हाताने केलेलं, आजींच्या चेहऱ्याला शोभेल असं द्या. मी मेण घेतलं आणि बसलो. दुपारपर्यंत दात लावले, उपटले, लावले. काहीही केलं तरी तो डावीकडचा दात बाहेर वळतोच. जित्याची खोड. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मॅडमना डझनभर खोडी हव्यात आणि माझ्याकडे आयुष्यात एकच आहे. ती त्यांच्याकडे आधीच पोचली. मग मी त्या खुर्चीत बसून देणार काय?

दुसरी एकच खोड मला पाठ आहे. तुझी. तुझ्याशेजारी बसून इतकी वर्षं बघितलेली. तू माझा दात जसा आठवणीतून कोरलास, तशी तुझी फट मी डोळे मिटून कोरू शकतो. दुप्पट पगार मिळणार होता तो त्या फटीचा.

हे कळल्यावर मी हातातली सुरी पुसून खाली ठेवली. मी म्हणे मोठा निर्णय घेणारा!

आज मामांना सगळं सांगितलं. फोन, मुलाखत, तू, जून, सगळं. तुला माहीत आहे, मामांना राग आला की ते कवळी काढून ठेवतात, म्हणजे बोलायला नको. त्यांनी आधी वरची काढली, मग खालची, आणि दोन्ही माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. वरची तू केलेली, फटवाली. खालची माझी. सहा वर्षांत एकदाही त्यांनी बदलून घेतलेली नाही, वरची जरा सैल झालीय, मी कितीदा म्हटलं नवी करून देतो, तर "राहू दे." दिवसभर दोन्ही तशाच पडून होत्या, एकीचं तोंड खिडकीकडे, एकीचं माझ्याकडे. जेवायच्या वेळी मामांनी फक्त पेज प्यायली.

संध्याकाळी त्यांनी कवळी धुऊन बसवली. मला वाटलं, आता शिव्या.

"तुला जायचं तर जा," ते म्हणाले. "मी धरून ठेवणार नाही. तिलाही नव्हतं धरलं."

"मामा..."

"मधे बोलू नकोस. परवा नवऱ्याबरोबर आलेल्या त्या बाईला फट असलेली कवळी शोभेल. सोमवारी माप द्यायला येतेय. मला फट जमत नाही, टेबल हलतं." मग टॉवेलने हात पुसत राहिले, कोरडे झाल्यावरही. "तिला कळव. आणि म्हणावं, शनिवारपासून पाळी तिची आहे."

ताई, सहा वर्षांत पहिल्यांदा. नाव नाही घेतलं, पण "तिला" म्हणाले.

मी इतका हबकलो की "बरं" म्हणायच्या ऐवजी "थँक यू" म्हणालो. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो चमच्यासकट दगड.

धाकटा

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

मॅडमना काल फोन केला. म्हणालो, "मला एकच खोड येते आणि ती तुमच्याकडे आधीपासून आहे."

"कोणती, सर?"

"सगळ्यात जास्त जाणारी."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "अय्या. धाकटा म्हणजे तुम्ही?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा वाटला. "मग... त्या बाई तुमच्या..."

"ताई," मी म्हणालो. "त्यांच्या जिभेकडेही लक्ष दिलं नसेल तुम्ही. ती माझ्याहून धारदार आहे."

फोन ठेवल्यावर मला मोठं शूर वगैरे काही वाटलं नाही. दुप्पट पगाराला नाही म्हणून बसलेला माणूस आरशात कसा दिसतो ते बघायला बेसिनपाशी गेलो. नेहमीसारखाच दिसतो, फक्त जरा ओला. लेकीच्या शिक्षणाचं काय, हा प्रश्न होता तिथेच आहे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बरं. मग आता त्या आजींचे दात तरी नीट करा." जशी काही ती कवळी आमच्या घराचं छप्पर आहे. डॉक्टर अजूनही तीनच आहेत. सोमवारची ती आजी आणि मागून येतील ते दोघंतिघं, एवढंच भांडवल. तुला बोलावतोय ते भरल्या ताटावर बोलावत नाही, हे आधीच सांगतो.

बायकोने तुला निरोप दिला. तू "बघते" म्हणालीस म्हणे. तुझं "बघते" मला लहानपणापासून माहीत आहे. त्यातून तू कधी आलीस, कधी नाही आलीस.

दुपारी मामांनी चिमटा डाव्या खिळ्यावर लावला. नेहमी नुसता अडकवतात, आज दाबून नीट सरळ केला. तुझं स्टूल पुसलं, पुसताना माझ्याकडे पाठ केली, आणि "डोकं दुखतंय" म्हणून लवकर घरी गेले. त्यांचं डोकं कधी दुखत नाही.

ते गेल्यावर मी बाह्या वर केल्या. रबरी हातमोजे चढवले, खाली बसलो, डबा सोडवला. आठवड्याचा गाळ तळाशी घट्ट बसला होता; खरवडून काढला, डबा दोनदा धुतला, बसवला, आणि पाणी सोडून बघितलं. झरझर गेलं. मागून कुणी आवाज दिला नाही.

पाळी तुझी होती. पण त्या दिवशी दारात आपलं ठरलं होतं. यंत्राने वाकडा दात केला, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय.

चिमटा तुझ्याच खिळ्यावर आहे. मी हात लावलेला नाही.

धाकटा